क्षणभराचा नांगर

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये बायसनच्या कुरणासमोर, निलगिरीच्या झाडांआड तीन हौद आहेत. हौद म्हणायचे, पण गावच्या तळ्याची आठवण यावी एवढे मोठे. 1938 साली, मंदीत बेकार झालेल्यांना काम मिळावं म्हणून अमेरिकी सरकारनं काढलेल्या योजनेतून ते बांधले गेले. पाणी उथळ आणि निश्चल. मासेमारीसाठी ते नाहीतच, तरीही रोज सकाळी माणसं मासेमारीच्या काठ्या घेऊन तिथे येतात.

लेकीकडे राहायला गेले होते तेव्हा सकाळच्या फेरीत मी तिथे पोचले. धुकं अजून उठलं नव्हतं. एक वयस्कर गृहस्थ गुडघ्याच्या वर पाण्यात उभे होते. हातात चौदा फुटांची काठी, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरलेली. काठीच्या टोकातून निघालेली जाड पिवळी दोरी पाण्यावर सरळ पसरलेली, आणि दोरीच्या अगदी शेवटी, जिथे गळ असायला हवा तिथे, लाल लोकरीचा एक गोंडा. त्यांनी काठी सावकाश उचलली, बाजूनं मागे नेली, क्षणभर थांबले आणि पुढे झटका दिला. दोरी हवेत उलगडत गेली. घाई नाही, गडबड नाही, जणू कोणी वरून पायघडी पसरत होतं. पंचवीस-तीस मीटरांवर तो लाल गोंडा सगळ्यात शेवटी, अलगद पाण्यावर टेकला.

त्यांच्या पाठीमागे पाच-सहा पावलांवर झाडं होती. दोरी त्या झाडांना लागली नव्हती, कारण ती तिथवर गेलीच नव्हती. मी चक्रावले. मागे न नेता एवढी लांब दोरी पुढे फेकायची कशी? आणि टोकाला वजन काहीच नसताना?

आधी वजनाचं बघू, कारण तिथेच सगळं उलटं आहे. मी आचऱ्याच्या खाडीकाठची. आमच्याकडे गरवायला जातात तेव्हा गरीजवळ शिशाचा तुकडा बांधतात. हात फिरवून तो तुकडा भिरकावायचा. जड शिसं पुढे पळतं आणि हलकी दोरी त्याच्यामागे फरफटत जाते. दगड असो, भाला असो, गोफणीचा गोटा असो, आपण जे जे फेकतो त्याचं वजन पुढे असतं. हौदावरची माणसं ज्या मासेमारीच्या फेकीचा सराव करतात त्या फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं आणि केस गुंडाळून एखाद्या किड्याचा किंवा माशाच्या पिल्लाचा भास निर्माण करतात. ती ‘फ्लाय’ एका ग्रॅमचीही नसते. ती कितीही जोरानं भिरकावली तरी चार हातांवर पडेल. म्हणून फेकतात ती दोरी. दोन हाती काठीच्या दोरीचा पुढचा जाड भाग सुमारे चाळीस ग्रॅमचा असतो आणि हे वजन एका ठिकाणी नसतं, दहा-बारा मीटरांत किंवा त्याहूनही लांब पसरलेलं असतं. आतून विणलेला धागा, वरून प्लास्टिकचं आवरण, आणि त्या आवरणात दोरी तरंगावी म्हणून मिसळलेले काचेचे पोकळ, डोळ्यांना न दिसणारे मणी. फेकायची वस्तू आणि ती फेकण्याची दोरी, दोन्ही एकच.

अशी लांबलचक वस्तू एका झटक्यात पुढे जात नाही. तिच्यात एक वळण तयार होतं आणि ते वळण पुढे सरकत जातं. हे समजायला घरातली सतरंजी पुरे. ती जमिनीवर पसरा, तिचं एक टोक उचलून दुमडा, आणि वर आलेली कड पुढे ओढत न्या. कड दोन हात पुढे गेली की दुमड एकच हात पुढे सरकते. खालची बाजू जागची हलत नाही, वरची पळते, आणि दुमड तिच्या निम्म्या वेगानं जाते. हवेतल्या दोरीचंही हेच. काठीकडची बाजू जवळपास स्थिर, वरची बाजू पुढे पळणारी, आणि मधलं वळण निम्म्या वेगानं चालणारं. मला पायघडी पसरल्याचा जो भास झाला तो यातून.

यातली खरी गंमत पुढे आहे. वळण जसजसं पुढे जातं तसतशी पळणारी दोरी लहान होत जाते. झटक्यात दिलेली शक्ती मात्र आता त्या उरलेल्या लहानशा तुकड्यात गोळा होत असते. हवा अडवते, वेग खाते, तरी टोकाकडचा तुकडा हिमतीनं पळत राहतो, कारण मागच्या सगळ्या दोरीची पुंजी त्याला मिळालेली असते. पोतराजाच्या आसुडाचा कडाका याच हिशेबातून होतो. तो आवाज कातड्यावर कातडं आपटल्याचा नसतो. तिथे ध्वनीचा वेग ओलांडला जातो. 2002 साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या अ‍ॅलन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी गणितानं दाखवलं की कडाका होतो तो आसुडावरून धावणारं वळण ध्वनीचा वेग गाठतं तेव्हा, आणि टोक तोवर त्याच्या दुपटीहून जास्त वेगात पोचलेलं असतं. आसूड टोकाकडे निमुळता असतो तो उगाच नाही. फ्लायची दोरीही निमुळती करतात, पण हेतू उलटा: शक्ती शेवटी शेवटी हळुवार विझावी आणि फ्लाय पाण्यावर पिसासारखी उतरावी. एकाच नियमातून एकीकडे कडाका आणि दुसरीकडे अलगदपणा निघतो हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता मागच्या झाडांकडे येऊ. एका हाताच्या छोट्या काठीनं फेकताना दोरी आधी पाठीमागे पूर्ण सरळ जाऊ द्यावी लागते, मग पुढे. जेवढी फेक पुढे, तेवढी मोकळी जागा मागे. ही चैन स्कॉटलंडच्या स्पे नदीवर नव्हती. लॉख स्पे नावाच्या लहानशा सरोवरातून निघून सुमारे 170 किलोमीटर वाहत ती मरी फर्थला मिळते. स्कॉटलंडच्या वेगवान नद्यांत तिची गणना होते. काठ अनेक ठिकाणी उंच आणि दाट झाडीचे. समुद्रातून सॅमन मासा अंडी घालायला या नदीत चढतो, आणि तो नेमका पात्राच्या मध्यावर किंवा पलीकडच्या काठाशी उभा असतो. नदीत शिरलेला सॅमन जवळजवळ काहीच खात नाही. तरीही समोरून फ्लाय गेली की कधीकधी झडप घालतो. का, यावर मासेमार पिढ्यान् पिढ्या वाद घालत आले आहेत. तिथवर फ्लाय न्यायची तर पाठीला झाडांची भिंत, पुढे रुंद पात्र. या अडचणीतून एकोणिसाव्या शतकात जी रीत घडली तिला आज जगभर ‘स्पे कास्टिंग’ म्हणतात. त्या काळच्या काठ्या ग्रीनहार्ट नावाच्या जड लाकडाच्या असत, अठरा-वीस फुटांच्या. दोन हात लागायचे ते त्यामुळेही.

या इतिहासात माझं मन अडकलं ते इन्व्हर्नेसच्या अलेक्झांडर ग्रँटपाशी. हा माणूस फिडल वाजवायचा आणि फिडल बनवायचाही. लाकडातून कंप कसा वाहतो हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. काठीचे तुकडे जोडायला त्या वेळी धातूच्या नळ्या वापरत, आणि त्या सांध्याशी काठीचा कंप अडखळतो हे त्याला जाणवलं. त्यानं धातू काढून टाकला, तुकड्यांची टोकं तिरकी तासून एकमेकांवर बसवली आणि वरून घट्ट बांधली. काठी मुठीपासून शेंड्यापर्यंत एकसंध थरथरू लागली. 1890च्या दशकात ‘ग्रँट व्हायब्रेशन रॉड’ म्हणून ती विकली जाऊ लागली. अशा काठीनं मारलेली 65 यार्डांची, म्हणजे जवळपास साठ मीटरांची फेक त्याच्या नावावर सांगतात. हातात राखून ठेवलेली जादा दोरी शेवटी सोडून अंतर वाढवण्याची सोय त्यानं वापरली नव्हती. होती तेवढी सगळी दोरी पाण्यावरून उचलून पुन्हा पाण्यावर मांडली होती. आजच्या कार्बनच्या हलक्या काठ्या 1970च्या दशकापासूनच्या. मला मात्र तो फिडलवाला दिसत राहतो, लाकडाला कान लावून बसलेला.

मग दोरी मागे न नेता काठीला ताण कसा मिळतो? हौदावरच्या गृहस्थांनी मला ते बाजूला उभं करून दाखवलं. काठी मागे जाऊन थांबते तेव्हा तिच्या शेंड्यापासून दोरीचं एक पोट मागे फुगतं आणि खाली वळून त्यांच्या बाजूला, पुढच्या अंगाला पाण्यावर टेकतं. बाजूनं पाहिलं की काठी म्हणजे उभी रेघ आणि दोरी म्हणजे तिचं पोट: इंग्रजी ‘डी’ अक्षर. म्हणून नावही ‘डी लूप’. हे पोट थोडंसंच मागे जातं, झाडांच्या अलीकडे थांबतं. आणि दोरीचा जो शेवटचा थोडासा भाग पाण्याला टेकलेला असतो त्याला म्हणतात ‘अँकर’.

अँकर म्हणजे नांगर. मराठीत जहाजाचा नांगर आणि शेतातला नांगर यांना शब्द एकच, आणि इथे दोन्ही अर्थ लागू पडतात. काठी पुढे येते तेव्हा डीचं पोट पुढे ओढलं जातं. टोक मोकळं असेल तर तेही निसटून भलतीकडे उडेल आणि पाठीमागे आसुडासारखं कडाडेल. पाणी ते टोक क्षणभर धरून ठेवतं. त्या क्षणात पोटातली दोरी टोकाभोवती वळण घेऊन पुढे झेपावते, आणि वळण तिथवर पोचलं की पाणी टोक सोडून देतं. हा जहाजाचा नांगर. पण टेकलेली दोरी फार लांब असली, किंवा बुडाली असली, तर काठीची सगळी ताकद ती पाण्यातून उपटण्यात जाते. पाण्यावर चक्क तास पडतं, आणि फेक मध्येच बसते. हा शेतातला.

पाणी धरतं म्हणजे काय होतं, ते बादलीत पाहता येईल. पाण्यावर ओली सुतळी आडवी ठेवा आणि एका टोकानं हळूहळू उचला. सुतळी सुटताना पाण्याची कड तिला किंचित वर चिकटून येते आणि मग सोडते. पाण्याच्या पृष्ठभागावरचे कण एकमेकांना खेचून धरतात, तोच हा पृष्ठताण. त्याच्याच जोरावर बारीक किडे पाण्यावर चालतात. आता तीच सुतळी झटक्यात ओढा. चर्र आवाज येईल, शिंतोडे उडतील. पृष्ठताण, पाण्याचं घर्षण आणि दोरीचं स्वतःचं जडत्व मिळून ती पकड बनते. म्हणूनच हा सराव हिरवळीवर नीट होत नाही; गवत दोरीला असं धरत नाही. पाणी लागतंच. म्हणजे काठी, दोरी, दोन हात यांच्या जोडीला पाणी हेही या कलेतलं एक अवजार आहे. मासा राहतो ते पाणी वेगळं. हे धरणारं आणि सोडणारं पाणी.

तरीही सराव साचलेल्या पाण्यावर का करायचा? रीत तर जन्मली वाहत्या नदीसाठी.

स्कॉटलंडपुरतं एक व्यवहारी उत्तर आहे. स्पे नदीवर सॅमनचा हंगाम 11 फेब्रुवारी ते 30 सप्टेंबर, आणि रविवारी सॅमन धरायला देशभर कायद्यानं बंदी. हिवाळ्यात किंवा रविवारी हात शिवशिवले तर गळ न लावता सरोवराकाठी जाणं हा सोपा मार्ग. पण खरं उत्तर मला काठी हातात घेतल्यावर कळलं. त्या गृहस्थांनी आठवड्याभरानं विचारलं, “बघत किती दिवस राहणार?” आणि रबरी विजार माझ्यापुढे धरली.

नदीत दोरी टाकली की प्रवाह ती वाहून नेतो आणि तुमच्या खालच्या बाजूला ताणून सरळ करतो. फेक वेडीवाकडी गेली असली तरी पुढची फेक सरळ, ताणलेल्या दोरीपासून सुरू होते. नदी प्रत्येक वेळी पाटी पुसून देते. हौद पुसत नाही. माझी पहिली फेक माझ्यासमोरच वेटोळी होऊन पडली आणि पडली तशीच राहिली. काठी उचलली तर शेंडा वर गेला, दोरी जागची हलेना. आधी सगळी वेटोळी ताणली जाणार, मग दोरी उचलली जाणार. तोवर काठी पुढच्या झटक्याच्या जागी पोचलेली. म्हणून इथला पहिला धडा ‘रोल कास्ट’: दोरी सावकाश मागे ओढून डी तयार करायचा आणि पुढे उलगडायचा, केवळ ती सरळ मांडण्यासाठी. नदी जे काम फुकट करते ते स्वतःच्या हातानं करायचं. आणि मांडल्यावर रेंगाळायचं नाही, कारण थांबलेल्या पाण्यात दोरीचं निमुळतं टोक हळूहळू बुडू लागतं आणि बुडालेलं टोक नांगरासारखं रुततं.

दुसरी अडचण दिशेची. नदीत दोरी प्रवाहाच्या दिशेला लोंबते आणि फ्लाय टाकायची असते ती आडवी, पात्रापलीकडे. म्हणजे प्रत्येक फेकीत दिशा बदलायचीच. हौदात प्रवाह नाही, मग ती मनात धरावी लागते. “नदी डावीकडून उजवीकडे वाहते आहे असं समजा,” ते म्हणाले. समोरच्या काठावर दोन झाडं ठरवली. उजवीकडच्या झाडाकडे दोरी सरळ मांडायची, मग तिथून उचलून डावीकडच्या झाडाकडे टाकायची. स्पे कास्टिंगचा एक कडक नियम इथे उघडा पडतो: डीचं पोट लक्ष्याच्या नेमकं विरुद्ध दिशेला हवं, आणि टेकलेलं टोक लक्ष्याकडे तोंड करून हवं. माझं टोक दरवेळी काटकोनात मोडून पडे, पाण्यावर इंग्रजी ‘एल’ काढल्यासारखं. हे लोक त्याला वैतागून ‘ब्लडी एल’ म्हणतात. आमच्याकडे मेला एल म्हटलं असतं. नदीत असा एल प्रवाहाबरोबर थोडा ओघळून जातो, नजरेतून सुटतो. हौदाच्या आरशात तो स्वच्छ दिसतो, त्याच्या कडेनं उठणाऱ्या वलयांसकट. मी काय चुकले ते वाचायला पुरेसा वेळही मिळतो.

‘डबल स्पे’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात दोरी आधी अंगासमोरून आडवी आणून पाण्यावर ठेवतात, मग काठी दुसऱ्या बाजूला फिरवून डी तयार करतात. काठी फिरताना दोरी पाण्यावरून सोलून निघते आणि शिंतोड्यांची एक पांढरी रेघ पाण्यावरून धावत येते. तिला म्हणतात ‘व्हाइट माऊस’, पांढरा उंदीर. उंदीर एकसारख्या वेगानं पळाला तर हात एकसारखा फिरला. तो मध्येच थबकला तर हातही थबकला. उंच उडाला तर घाई झाली. प्रवाहाच्या खळखळाटात हा उंदीर हरवू शकतो. निश्चल पाण्यावर त्याचं पाऊल न् पाऊल दिसतं. मी दोन सकाळी फक्त उंदीर पळवले, पुढची फेक केलीच नाही. माझ्या मते सगळ्या सरावातला तोच सर्वात सुंदर भाग होता.

दोन हातांचं कोडं मात्र उशिरा सुटलं. मी वरच्या हातानं काठी ढकलत होते, म्हणून वळण रुंद होऊन वाऱ्यात कोसळत होतं. वरचा हात बहुतांशी टेकूसारखा राहतो. काठीच्या बुडाशी असलेला खालचा हात पोटाकडे ओढायचा. स्वीडनच्या योरान अँडरसन यांनी तर याच खालच्या हातावर आखूड दोरीची एक वेगळी शैली उभी केली, तिला ‘अंडरहँड’ म्हणतात. अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीवरच्या लोकांनी दुसरा रस्ता धरला: दोरी आणखी आखूड आणि जड, कारण त्यांना हिवाळ्यात खोल पाण्यातल्या स्टीलहेड माशापर्यंत जड, बुडणारी फ्लाय न्यायची असते. नदी बदलली की दोरी बदलते. या हौदांवर मात्र सगळ्या नद्यांची माणसं भेटतात. ‘स्पे-ओ-रामा’ ही दोन हाती फेकीची स्पर्धा इथेच भरत आली आहे, आणि तिच्यातले कसलेले लोक दीडशे फुटांच्या पुढे दोरी टाकतात. तेही दोन्ही बाजूंनी.

माझी एक फेक नीट झाली ती तिसऱ्या आठवड्यात. दोरी सावकाश उचलली, इतकी सावकाश की ती पाण्यावरून सुटताना काही आवाजच झाला नाही. काठी फिरली, मागे पोट भरल्याचं दोन्ही तळव्यांना जाणवलं, कुणी हळूच पदर धरावा तसं. खालचा हात ओढला आणि थांबवला. थांबवणं महत्त्वाचं, काठी थांबते तेव्हाच वाकलेला शेंडा सरळ होतो आणि वळण जन्माला येतं. ते वळण अरुंद, टोकदार, माझ्यापासून दूर जात राहिलं. आधी दोरी सबंध एकदम टेकली, मग लोकरीचा गोंडा उतरला, आणि पाण्यावर एकच वलय उठलं.

गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांनी निलगिरीच्या शेंड्यांकडे पाहिलं. धुकं सरलं होतं आणि समुद्राकडून वारा सुटला होता, माझ्या उजव्या अंगावर. उजवीकडून वारा असताना डी उजवीकडे धरला तर वारा दोरी अंगावर आणतो. गळ असला तर चेहऱ्यावर. त्यांनी माझे हात काठीवरून सोडवले आणि उलटे बसवले. डावा वर, उजवा खाली.

पहिली दोरी वेटोळी होऊन समोरच पडली.